रिकामा दोना

मला राग लवकर येतो. हे कबुली म्हणून नव्हे, ओळख म्हणून सांगते, कारण आमच्या गावात माझी ओळख तीच आहे. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं. या काळात पोरांसमोर, पालकांसमोर किंवा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर 'माझं चुकलं' हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत. फळ्यावर माझीच बेरीज चुकली तर मी म्हणायचे, "बघत होते, कोण पकडतं ते." पोरंही हुशार, ती हात वर करायची नाहीत.

अशी बाई विश्वशांतीसाठी ध्यानाला बसते, हे कळल्यावर गोंदियाची माझी नणंद फोनवर बराच वेळ हसत होती. "वहिनी, तुम्ही शांत बसल्या की घरात आपोआप विश्वशांती होते, वेगळं काय करायचं?" तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी ध्यानाला लागले ती माझ्या रागासाठी नाही आणि खरं सांगायचं तर जगासाठीही नाही. मी लागले ती माझ्या मुलासाठी.

मुलगा एकच. अर्जुनीला आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला आणि दोन वर्षांपूर्वी आखातातल्या एका बंदरावर कामाला गेला. मोठमोठ्या क्रेन असतात, त्यांच्या वायरिंगचं काम. त्याचे वडील वनखात्यात होते, ते सहा वर्षांपूर्वी गेले. मी निवृत्त होऊन घरी बसले आणि तो गेला, त्यामुळे घर एकदम रिकामं झालं. तरी रोज संध्याकाळी फोन यायचा, जेवणाच्या ताटाचे फोटो यायचे, मी डाळ पातळ आहे म्हणून तिथल्या आचाऱ्यावर इथून रागवायचे. मग या उन्हाळ्यात तिकडे लढाई पेटली. टीव्हीवर नकाशा दाखवायचे आणि त्या नकाशावर लाल ठिपके. त्याचं बंदर कोणत्या ठिपक्याच्या जवळ आहे हे मी शाळेच्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये पट्टीने मोजून पाहिलं. भूगोल मी कितीतरी वर्षं शिकवला, पण अंतर म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

त्याच सुमाराला एका जुन्या सहकारी बाईंनी मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. नागपूरच्या एक ताई तो चालवायच्या. रोज संध्याकाळी साडेपाचला, असाल तिथे, डोळे मिटून अकरा मिनिटं बसायचं आणि मनात एकच संकल्प धरायचा: जगात शांतता नांदो, सगळे सुखरूप असोत. एकाच क्षणी जितके जास्त लोक एकच इच्छा धरतील तितका तिचा जोर वाढतो, असं ताई सांगायच्या. एरवी मी असल्या गोष्टींवर तोंड वाकडं केलं असतं. पण चिखलात रुतलेली गाडी एकट्याच्या ढकलण्याने हलत नाही आणि दहा जणांनी एका दमात जोर लावला की निघते, हे मी आमच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात पाहिलेलं आहे. शिवाय बुडत्याला काडीचा आधार. मी बसू लागले. 'सगळे सुखरूप असोत' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर सगळे कधी आलेच नाहीत. एका खोलीतली एक लोखंडी खाट यायची, वरच्या कप्प्याची.

जोर वाढवायचा तर माणसं हवीत. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पलीकडे जंगलाला लागून आहे, पन्नासेक घरांचं. बहुतेक घरं गोंडांची, थोडी इतरांची. शेवटच्या टोकाला, डांबरी रस्त्याजवळ आमच्या दोन खोल्या. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा मुलगा पहिलीत होता. पुढे माझ्या शाळा बदलल्या, घर बदललं नाही. इतक्या वर्षांत मी या गावातल्या किती पोरांचे कान पिळले असतील त्याची गणती नाही. म्हणजे मी हाक मारली तर लोक येतील, अशी माझी समजूत होती.

आल्या त्या सात बाया. दिवस तेंदूपत्त्याचे, म्हणजे बिडीच्या पानांचे होते. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारभर त्यांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे, हा त्यांचा दिवस. त्यातून वेळ काढून त्या माझ्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत येऊन बसल्या, पण पानांचे गठ्ठे सोबत घेऊन. मी सांगितलं, हात मोकळे ठेवा, तळवे वर करून मांडीवर. त्यांनी ठेवले. दोन मिनिटांनी डोळे किलकिले करून पाहिलं तर सातही जणींचे डोळे मिटलेले आणि सातही जणींच्या हातांत पुडे. माझी शेजारीण, जिचा मुलगा माझ्याकडे चौथीपर्यंत होता, तिला मी जरा तडकून विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, रिकाम्या हाताने बसलं की डोळ्यांसमोर शेळी येते, पुडा बांधत बसलं की काहीच येत नाही. बाकीच्या हसल्या. मी मात्र त्यांना ध्यान आणि काम यातला फरक दहा मिनिटं समजावला. ध्यानापेक्षा तो तास लांबला आणि दुसऱ्या दिवशी चारच जणी आल्या.

ज्येष्ठातल्या एका रविवारची तारीख ग्रुपवर जाहीर झाली. त्या दिवशी साडेपाचला जगभर एकाच वेळी बसायचं होतं, देशोदेशीचे लोक. प्रत्येक ठिकाणाहून किती जण बसले तो आकडा आणि एक फोटो पाठवायचा. माझ्या अंगात एकदम मास्तरीण संचारली. पंधरा ऑगस्टला जसं गाव गोळा करायचे तसं गोळा करायचं ठरवलं. घरोघर फिरले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, मान हलवली आणि भुमक्याला विचारा म्हणून सांगितलं.

भुमका म्हणजे गावाचा पुजारी. आमचे भुमकाबाबा ऐंशीच्या घरातले. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने अंधुक दिसतं, पण गावातला कोणता मोह कोणत्या वर्षी कमी फुलला हे त्यांना पाठ. ते अंगणात बसून दोने, म्हणजे पानांचे द्रोण, टोचत होते. पळसाची पानं, बांबूची काडी. मी सगळं समजावून सांगितलं आणि रविवारी साडेपाचला सगळ्या गावाला घेऊन माझ्या सपरीत या, असं म्हटलं. ते म्हणाले, "इतवारी तं गाव बांधाचा हाये, बाई."

गाव बांधणं मला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं मला वाटत होतं. पेरणीआधी एक दिवस गाव मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या झाडाखाली जमतं. त्या दिवशी कोणी गावाची शीव ओलांडत नाही, लोखंडाला हात लावत नाही, आवाज चढवत नाही. घराघरातून बियाण्याच्या धानाची एकेक मूठ येते, भुमका ती एकत्र करतो आणि पुन्हा घराघरात वाटतो. दुसऱ्या गावांत वेगळी रीत असेल, आमच्याकडे ही. सुरुवातीच्या वर्षांत मी दोन-तीनदा लांबून पाहून आले होते. यजमानांचं म्हणणं असायचं की त्यांचं त्यांच्यापाशी, आपण मध्ये पडायचं नाही. मी गोंदियाच्या बाजारपेठेत वाढलेली, मलाही ते सोयीचंच होतं.

मी बाबांना म्हटलं, गाव शनिवारी बांधा, सोमवारी बांधा. जगाची वेळ काही माझ्या हातात नाही, तुमची तुमच्या हातात आहे. ते म्हणाले, दिवस त्यांनी ठरवलेला नाही. मग कोणी ठरवला, असं मी विचारलं तर त्यांनी नुसतं झाडांकडे पाहिलं. माझा पारा चढला. इथून समुद्रापलीकडे माणसं मरताहेत आणि तुम्हाला तुमच्या शिवेच्या आतलंच दिसतं, असं काहीबाही मी बोलले. ऐंशी वर्षांच्या माणसाशी बोलू नये त्या आवाजात बोलले. त्यांनी काडी पानात टोचली, दोना उलटा करून पाहिला आणि विचारलं, "पोरगा कसा हाये तुमचा?"

"बरा आहे," म्हणून मी तिथून निघाले.

तो बरा आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. शुक्रवारपासून फोन लागत नव्हता. निरोप पाठवला की एक टिक उमटायची, दुसरी नाही. टीव्हीवर त्या किनाऱ्याचं नाव आलं, मग जाहिरात लागली. शनिवारी मी त्याच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला अकरा वेळा फोन केला. उचलणाऱ्या मुलीने शेवटी रडवेल्या आवाजात सांगितलं की मॅडम, आम्हालाही लागत नाहीये. मी तिच्यावर ओरडले. तिच्यावर ओरडून काय होणार होतं.

रविवारी साडेपाचला मी सपरीत एकटी बसले. सकाळी शेण-पाण्याने सारवून घेतलं होतं, दोन सतरंज्या टाकल्या होत्या. चारपैकी एकही बाई आली नव्हती. फोन शाळेच्या जुन्या पाटीला टेकवून ठेवला, त्यात ताईंचा आवाज येत होता. श्वास घ्या, सोडा. मी डोळे मिटले. जगात शांतता नांदो. रिकाम्या सतरंज्या मिटल्या डोळ्यांनाही दिसत होत्या. सगळे सुखरूप असोत. मनात मात्र दुसरंच चालू होतं: एकोणीस वर्षं या गावात राहिले, यांच्या पोरांना शिकवलं, यांचे अर्ज लिहिले, यांच्या मुलींना सायकली मिळवून दिल्या आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा पन्नास घरांतून एक माणूस अकरा मिनिटांसाठी आलं नाही. ध्यानात राग येतो, त्याला साक्षीभावाने पाहा, असं ताई म्हणत होत्या. मी पाहिलं. तो मोठा होत गेला. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मी फोन उलटा करून ठेवला, चप्पल घातली आणि गावाला चार शब्द सुनवायला मातामायच्या झाडाकडे निघाले.

वाटेत कोणी नव्हतं. घरं उघडी, चुली थंड, कुत्रीसुद्धा तिकडेच गेलेली. झाडाजवळ पोचले आणि बोलायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं.

सगळं गाव जमिनीवर बसलं होतं. बाप्ये, बाया, म्हातारी, तान्ही पोरं. कोणी डोळे मिटले नव्हते, कोणाची पाठ ताठ नव्हती, तळवे वर वगैरे काही नव्हतं. बसायचं तसे बसले होते, कोणी उकिडवे, कोणी पाय पसरून. पण आवाज नव्हता. ज्या पोरांना मी छडी दाखवूनही एक मिनिट गप्प बसवू शकले नव्हते ती पोरं आईच्या मांडीला टेकून गप्प होती. आणि ती शांतता कोणी लादलेली नव्हती. ते सगळे एकाच गोष्टीकडे पाहत होते. झाडाखाली पळसाच्या दोन्यांची ओळ मांडलेली होती, घरागणिक एक, आणि भुमकाबाबा एकेका दोन्याजवळ जाऊन त्यातलं धान मुठीत घेऊन नव्या सुपात टाकत होते. दिसत नसल्यामुळे बोटांनी चाचपत पुढे सरकत होते. कोणालाही घाई नव्हती.

माझी शेजारीण थोडी सरकली. मी तिच्याजवळ बसले. इतकं सगळं मनात घेऊन आलेली बाई मुकाट्याने खाली बसली, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

ओळीच्या शेवटी एक दोना रिकामा होता. तो मी आधीही पाहिलेला होता, त्या दोन-तीन वर्षांत. तेव्हा मनाशी ठरवूनही टाकलं होतं की हा देवाचा असणार, किंवा पूर्वजांचा. मुलांना परिसर अभ्यासात मी तसं सांगितलंही असेल. बाबा त्या दोन्यापाशी आले, आत हात घातला, तळ चाचपला, थोडा वेळ तसेच थांबले. मग ती रिकामी मूठ त्यांनी सुपापर्यंत नेली आणि भरल्या मुठीसारखीच उघडली.

त्याबरोबर लोक हलू लागले, हळू आवाजात बोलू लागले. मी शेजारणीला विचारलं, तो दोना कोणत्या देवाचा?

तिने माझ्याकडे पाहिलं. "देवाचा कायचा, बाई. तो तुमचा होय."

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, आमचा कसा, आम्हाला शेती नाही. ती म्हणाली, शेतीचा काय संबंध, दोना घराचा असतो. तुम्ही घर बांधलं त्या वर्षापासून मांडतात. दरवर्षी मांडतात, दरवर्षी रिकामा राहतो.

"मग मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं का नाही?" माझा आवाज पुन्हा चढला होता.

"मूठ मांगून घ्याची नसते ना, जी. मांगतली का ते भीक होते, तिनं गाव बांधत नाई." ती शांतपणे म्हणाली. "आता तुमी इचारलं, म्हनून सांगतलं."

एकोणीस वर्षांत मी या गावाला किती प्रश्न विचारले होते. पाढे विचारले, राजधान्या विचारल्या, गृहपाठ का केला नाही ते विचारलं. हा एक प्रश्न विचारायचा राहिला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी स्वतः फळ्यावर लिहून वाक्यात उपयोग करायला लावली आहे. जगासाठी बसणं सोपं असतं, कारण जग आपल्या दारात येऊन आपल्याला ओळखत नाही. ज्यांनी दरवर्षी आपल्यासाठी पान मांडलं त्यांच्याकडे आपली पाठ होती, हे मला त्या झाडाखाली एवढं लख्ख दिसलं की लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली. घरागणिक मूठ टाकून यांनी गाव राखलं होतं आणि त्या राखणीत माझं घर नव्हतं. माझा मुलगा नव्हता. असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे का, हा विचार तेव्हा मनाला शिवलासुद्धा नाही.

बाबा सूप उचलायला वाकले. मी उठून म्हटलं, "थांबा."

हा शब्द मी वर्गात हजारो वेळा ओरडले असेन. या वेळी तो अर्धाच निघाला, पण बाबांनी ऐकला. सूप खाली ठेवलं आणि ते तिथेच बसले. त्यांच्यामागोमाग उभं राहिलेलं सगळं गाव पुन्हा खाली बसलं.

मी घराकडे पळाले. साठीच्या बाईने पळावं तशी, पदर एकीकडे आणि चप्पल हातात. डबा उघडला आणि तशीच उभी राहिले. घरात होता तो दुकानातून आणलेला तांदूळ, गिरणीत कांडून आलेला, पांढराशुभ्र. तो शिजतो, उगवत नाही. मूठ बियाण्याची लागते आणि तीही आपल्या घरातली. शेजाऱ्याची उसनी चालत नाही, हे मला तेवढं माहीत होतं. माझ्या घरात उगवेल असं दाणाभरही धान नव्हतं. मी चुलीजवळ बसून रडले. डब्यावर राग काढायचंसुद्धा सुचलं नाही.

मग दाराकडे लक्ष गेलं. चौकटीला धानाच्या लोंब्यांची जुडी टांगलेली होती. कापणी झाली की शेजारीण दरवर्षी नव्या लोंब्या विणून आणून द्यायची, चिमण्यांसाठी. मी दरवर्षी म्हणायचे, कचरा होतो खाली, आणि तरी ती आणायची. चिमण्यांनी अर्ध्याअधिक खाल्ल्या होत्या. पण त्या उसन्या नव्हत्या, दिलेल्या होत्या, म्हणजे माझ्या घरच्याच. मी स्टुलावर चढून जुडी काढली आणि उरलेल्या लोंब्या तळहातांवर चोळल्या. कुसं बोटांत टोचली. जेमतेम दोन मुठी भरतील एवढे दाणे निघाले. ते पदरात बांधून मी पुन्हा निघाले.

ते सगळे होते तसेच बसलेले होते. सूर्य प्रतापगडाच्या बाजूला उतरला होता. एवढ्या वेळात एक माणूस उठून गेलं नव्हतं. अख्खं गाव एका बाईच्या एका मुठीची वाट पाहत गप्प बसलेलं होतं आणि मी सपरीत ज्याला ध्यान म्हणत होते ते हेच असावं, असं मला आत्ता लिहिताना वाटतं. तेव्हा मात्र मी धापा टाकत होते.

बाबांनी दोना हातात घेऊन माझ्यापुढे धरला. "घरचे किती?"

"मी एकटीच आहे, बाबा."

"अना पोरगा?"

"तो इथं कुठे आहे? तो समुद्रापार."

"घरचा हाये का नाई?" ते म्हणाले. "मंग तेची मूठ कोन टाकन?"

मी एक मूठ टाकली. मग दुसरी टाकली. चार दाणे बाहेर सांडले. बाबांनी ते जमिनीवरून बोटांनी शोधून शोधून उचलले, दोन्यात घातले आणि दोना सुपात रिकामा केला. मग दोन्ही हातांनी सगळं धान खालवर केलं. जाड, बारीक, लालसर, काळपट, सगळ्या घरांचं. माझे दाणे कोणते ते मला दिसेनासे झाले.

"आता शीव तुमच्या पोरापावतर गेली," ते म्हणाले. मोठ्याने नाही, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात.

घरी परतले तेव्हा फोन पाटीशी उलटाच पडलेला होता. ताईंचे तीन निरोप होते: तुमच्या गावात किती जण बसले? मी लिहिलं, सगळे. त्यांचं उत्तर आलं, आकडा आणि फोटो पाठवा. मी काहीच पाठवलं नाही. ताई चांगल्या बाई आहेत, अजूनही मी रोज साडेपाचला त्यांच्यासोबत बसते. त्या रात्री मुलाच्या नावापुढे मात्र अजून एकच टिक होती.

वाटून आलेली मिश्र धानाची मूठ मी फुटक्या घमेल्यात माती घालून पेरली. मला शेत नाही, घमेलं आहे.

सोमवारीही दुसरी टिक उमटली नाही. मंगळवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते तेव्हा फोन वाजला. आवाज लांबचा, अडखळणारा, पण त्याचाच. बंदर बंद होतं, सगळ्यांना तळघरात ठेवलं होतं, नेटवर्क नव्हतं. तो ठीक होता. मित्राच्या हाताला काच लागली होती, ती जखमही बरी होत होती. मुठीमुळे तो वाचला असं मी म्हणत नाही. त्याच्या शेजारच्या बंदरावर जी वाचली नाहीत तीही कोणाची तरी मुलं होतीच की, आणि त्यांच्या आयांनीही कुठल्या ना कुठल्या देवाजवळ काही ना काही टाकलं असेल. हे मला कळतं. तरी मी त्याला सगळं सांगितलं. रिकामा दोना, लोंब्या, दोन मुठी, बाबा काय म्हणाले ते.

 

"आई," तो म्हणाला, "मी दुसरीत असताना तुला विचारलं होतं. आपला दोना रिकामा का आहे म्हणून. सगळी पोरं मला चिडवायची."

मला आठवेना. मी म्हटलं, मग मी काय म्हणाले?

"तू म्हणालीस, आपण इथले नाही."

त्याने ते तक्रारीने सांगितलं नव्हतं. सहज सांगितलं, घरात पाढ्यासारखं पाठ झालेलं एखादं वाक्य सांगावं तसं. तो इतका लांब, इतक्या सहज कसा निघून गेला, याचं कोडं मला दोन वर्षं पडलं होतं. मी त्यासाठी पगाराला दोष दिला होता, एजंटला दिला होता, त्याच्या मित्रांना दिला होता. सपरीत शेजारीण पुडे बांधत बसली होती, हल्ली ती बांधतच बसते आणि मी काही म्हणत नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात थांबवला.

"ऐकतेस ना, आई?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "तेव्हा मी तुला चुकीचं सांगितलं होतं, बाळा. माझं चुकलं."